आठ दिवसांची फळी

देव एकेका माणसाला एकेक नजर देऊन पाठवतो. टाचकाकांना त्याने दिली ती खालच्या अंगाची. माणूस दुकानाच्या पायरीवर चढला की ते आधी त्याच्या टाचा बघत, मग तोंड. "डावीकडे झुकून चालताय, गुडघा दुखतो ना?" असं त्यांनी विचारलं की गिऱ्हाईक गारच पडे. तीस वर्षं जोडे दुरुस्त करून बूट उलटा केला की त्यांना माणूस सुलटा दिसू लागला होता. म्हणून ते टाचकाका. खरं नाव बायकोलासुद्धा जरा आठवूनच सांगावं लागे.

दुकान एवढंसं. ऐरण, रापी, आरी, मेण लावलेला दोरा आणि मागच्या भिंतीला एक लाकडी फळी. त्या फळीची एक रीत होती. जोडा शिवावा की टाकून द्यावा, असं कुणी विचारलं तर काका सल्ला देत नसत. म्हणत, "ठेवून जा. आठ दिवसांत त्याची आठवण झाली तर या, शिवून देतो. नाही झाली तर समजा, तुमचं त्याचं सरलं." कुणी तिसऱ्याच दिवशी धावत येई, कुणी पुन्हा फिरकतही नसे. काका दोघांनाही नावं ठेवत नसत.

गेल्या वर्षापासून फळीच्या वर एक फोटो लागला होता, मुलींच्या फुटबॉल संघाचा. दुसऱ्या रांगेत अगदी कडेला तोंडभर हसणारी अकरा वर्षांची पोर, ती काकांची भिंगरी. जुने कॅनव्हासचे बूट घालून दिवसभर गल्लीत चेंडूमागे गरगरायची, म्हणून भिंगरी. साठ मुलींतून सोळा निवडल्या, त्यांत ती होती. काकांनी तिच्या नव्या बुटांना आतून मऊ कातडं लावलं आणि येईल त्याला फोटो दाखवायला सुरुवात केली.

"काका, मी टाच बसवायला आलोय," पोस्टमन म्हणे. चालून चालून त्याच्या टाचा महिन्यातून दोनदा जात. "पोरीचं कौतुक मागच्या खेपेला ऐकलंय."

"मग उजळणी समजा. बसा."

रविवारी सामने असत, पण रविवारीच दुकानात गर्दी, त्यामुळे काकांना जाता येत नसे. संध्याकाळी घरी आले की आधी विचारत, "खेळलीस?"

"हो, बाबा."

"तळ बघू."

तळाचे स्टड, म्हणजे पकडीचे खुंट, झिजलेले दिसले की काकांना चार घास जास्त जात.

एका रविवारी मात्र बूट उलटे केले आणि त्यांचा हात थांबला. सगळे स्टड सारखे झिजले होते. डावे, उजवे, पुढचे, मागचे, जणू कुणी पट्टी लावून घासलेत. भिंगरी उजव्या पायाने चेंडू मारणारी. मारताना सगळा भार डाव्यावर येतो, डाव्या बुटाची बाहेरची कड आधी जाते. इथे कड शाबूत. आणि टाचेच्या मागच्या बाजूला, जिथे धावणाऱ्याचं काही घासत नाही, तिथलं कातडं सोललेलं. बाकावर बसून पाय हलवणाऱ्या पोरांचे जोडे असे होतात. शाळेचे असे जोडे त्यांनी ढिगाने पाहिले होते.

ते उठून मागच्या दारी गेले. दगडी पायरीवर काळे ओरखडे होते.

"अगं, हे काय?"

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "बूट घासल्याच्या खुणा. तुमची लेक घासते, दर रविवारी आल्या आल्या."

"तुला ठाऊक होतं?"

"दीड महिना झाला. म्हटलं, जगाच्या टाचा वाचणारा माणूस घरच्या कधी वाचतोय ते बघू."

भिंगरीला बोलावलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"एकदाही खेळली नाहीस?"

"एकदा. शेवटची सात मिनिटं."

"मग खोटं का सांगितलंस, बाळा?"

"तुम्ही पोस्टमनकाकांना सांगता ना," ती म्हणाली. "मग ते मला रस्त्यात विचारतात."



दुसऱ्या दिवशी दुकान अर्ध्यावर बंद करून ते मैदानावर गेले. प्रशिक्षक सर सरळ माणूस निघाले. "पोर गुणी आहे, काका. पण बाकीच्या अंगाने थोराड आहेत. थांबली तर दोन वर्षांनी मैदानात दिसेल. सोडली तर ही जागा परत मिळायची नाही. पुढच्या हंगामाची नावं मला पुढच्या मंगळवारी द्यायचीत."

म्हणजे हातात एक आठवडा. घरी येईपर्यंत काकांचं ठरलं होतं. "थांबायचं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही."

"घाव घालायला कुणी टाकी तरी उचलायला हवी," बायको म्हणाली. "तिला नुसती कोपऱ्यात ठेवून दिलीय."

 काका भिंगरीकडे वळले. "तूच सांग. राहायचं की सोडायचं?"

भिंगरीने मान वर केली. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. आधी भुवया, मग ओठ, काही सापडतंय का ते बारकाईने शोधत होती. ती नजर काकांच्या ओळखीची होती. ते स्वतः बूट हातात घेतल्यावर असंच बघत.

"माझ्या तोंडावर काही लिहिलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "बूट आण इकडे. उद्या फळीवर ठेवतो. सरावाला आठ दिवस सुट्टी, सरांना मी सांगेन. आठवण झाली तर दुकानात ये आणि मागून ने."

"आणि नाही झाली तर?"

"तर नाही झाली. फळीवरच्या जोड्यासाठी मी कधी कुणाला बोललोय का?"

बूट फळीवर गेले. काकांनी फोटोही उतरवून खणात ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी बुटांवरची नसलेली धूळ झटकली. पाचव्या दिवशी बूट जरा पुढे ओढून ठेवले, पायरीवरून दिसतील असे. बायको डबा घेऊन आली, तिने ते होते तिथे मागे सरकवले. "फळीला हात लावायचा नाही. नियम तुमचाच."

सातव्या दिवशी दुकान उघडताना त्यांनी नेहमीसारखे हात जोडले. पण देवाकडे मागावं काय, तेच ठरेना. थांबू दे म्हणावं तर पोरीवर जबरदस्ती, सोडू दे म्हणावं तर जीभ रेटेना. ते नुसतेच हात जोडून उभे राहिले. न बोललेलंही त्याला कळतं, एवढाच आधार.

मंगळवारी पोस्टमन टाच बसवायला येऊन बसला होता, तेवढ्यात भिंगरी शाळेतून थेट दुकानात आली. हात पाठीमागे. काकांच्या हातातली आरी थांबली.

तिने काकांपुढे ठेवले ते जुने कॅनव्हासचे बूट.

"अंगठा बाहेर येतोय, बाबा. संध्याकाळी गल्लीत खेळायचंय. होईल तोवर?"

काकांनी फळीकडे पाहिलं. "आणि ते?"

भिंगरीनेही पाहिलं. "ते छान आहेत. पण त्यांची आठवण नाही झाली. चेंडूची झाली." मग भरभर म्हणाली, "शुक्रवारपासून रोज खेळतेय. काल दोन गोल मारले."

हे तिने त्यांच्या तोंडाकडे न बघता सांगितलं. काकांनी सवयीने बूट उलटा केला. डाव्याची बाहेरची कड पार गेली होती, कापड दिसत होतं.

"खेळलीस खरी," ते म्हणाले. मग बूट मांडीवर घेऊन म्हणाले, "संध्याकाळी सरांना फोन करतो. त्यांनी बिचाऱ्यांनी वाट बघायला नको."

"काका, माझी टाच?" पोस्टमनने विचारलं.

"बसा जरा. आधी नंबर हिचा."

"कौतुक ऐकवणार असाल तर बसतो."

"आज तिलाच विचारा," काका म्हणाले, आणि डाव्या बुटाच्या बाहेरच्या कडेसाठी कातड्याचे दोन थर कापायला बसले. झिजायला तिथूनच सुरुवात होणार होती.