चष्म्याच्या गाडीचे चार पाय

मी डोळे तपासते, आणि गेली तीन वर्षं माझा दवाखाना चाकांवर आहे. जीपमागे जोडलेला दोन चाकांचा ट्रेलर, आत डोळ्यांचं मशीन, अक्षरांचा तक्ता आणि फ्रेमांचं कपाट. गावोगाव आम्हाला ‘चष्म्याची गाडी’ म्हणतात. आम्ही म्हणजे मी आणि जीप चालवणारे नाना. नाना सोनगीरचे, साठीच्या आसपासचे. अंगानं बारीक, आणि बोलायला फारच काटकसरी; जे बोलतात तेही अहिराणीत.

ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना चार जॅक आहेत. आम्ही त्यांना पायच म्हणतो. गाडी उभी केली की हँडल फिरवून ते खाली टेकवायचे, म्हणजे माणसं चढताना-उतरताना गाडी हलत नाही. माझ्या कामात हे महत्त्वाचं आहे. माणूस मशीनवर हनुवटी टेकवून बसला आणि गाडी हलली, की नंबर चुकतो.

असोद्याच्या शिबिरात तेच झालं. एक आजी हनुवटी टेकवून बसल्या होत्या. बाहेरून कुणीतरी पायरीवर पाय ठेवला आणि आजींचं कपाळ मशीनवर आपटलं. मी खाली उतरून पाहिलं, तर दाराकडचे दोन्ही पाय वाकलेले. एकाचं हँडल फिरवलं तर ते नुसतंच फिरत राहिलं, पाय जागचा हलेना.

“नाना, पाय खाली असतानाच गाडी ओढली का कधी?”

“नही ताई. रोज चारी पाय वर लेस, मंगच गाडी काढस.”

एवढंच बोलून ते जीपमध्ये जाऊन बसले. मला ते उत्तर फार लवकर आल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सुटीच्या दिवशी ट्रेलर नानांच्या अंगणात असतो. तिथे तो काय करतो, हे मला कुठे माहीत होतं? वाकलेल्या पायाच्या सांध्यात मला केळीच्या वाळलेल्या पानाची चिंधी अडकलेली सापडली. नानांच्या घराजवळ केळी नाही. मग हे पान आलं कुठून? कुणाचा तरी माल वाहायला ते गाडी देत असणार, असं मी ठरवूनच टाकलं.

शनिवारी ट्रेलर त्यांच्या अंगणात लावला. नाना हातपाय धुवायला गेले तेव्हा मी चाकाच्या भोकातून पांढरा दोरा ओवला आणि तो वरच्या हुकाला बांधला. चाक फिरलं की दोरा तुटणार होता. सोमवारी सकाळी गेले, तर दोरा जागेवर होता, पण गाठ काही माझी वाटेना. मी साधी गाठ मारली होती, ही दुहेरी होती.   जीपला ट्रेलर जोडला आणि आम्ही धुळ्याला निघालो.

धुळ्याला लेथवर काम करणारे एक वयस्कर चाचा आहेत. त्यांना पाय दाखवायचे होते. त्यांच्यावर तरी माझा कुठे विश्वास होता! जुना चांगला भाग काढून भलताच बसवतील म्हणून मी चारही पायांना शनिवारीच आतल्या बाजूनं नेलपॉलिशचे ठिपके लावून ठेवले होते. चाचांनी पहिला पाय खोलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “ताई, ही लाल खूण तुमची ना?”

“हो,” मी म्हणाले.

“चांगलं केलं. मी पुसत नाही.”

मग त्यांनी आट्यांचा लांब दांडा कापडानं पुसला आणि उजेडात धरला. आटे पार झिजून सपाट झाले होते. “हा जॅक गाडी हलू नये म्हणून असतो. उचलायला नाही. याच्यावर कुणीतरी सगळं वजन घेतलंय. आणि एकदाच नाही, पुन्हा पुन्हा.”

मी नानांकडे पाहिलं. ते दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

आता पुरावाच दाखवायचा म्हणून मी मोबाइल काढला. प्रत्येक शिबिराचे फोटो मला शिबिर भरवणाऱ्यांना पाठवावे लागतात, त्यामुळे सगळे साठवलेले होते. कुठेतरी नाना गाडी उचलताना सापडतील, अशी माझी खात्री होती. शोधत शोधत रावेरच्या फोटोंपर्यंत आले. केळी भरायच्या शेडसमोरचं शिबिर, उतरती जागा, चिखलावर अंथरलेली केळीची पानं. फोटोत दाराकडचं चाक जमिनीपासून चार बोटं वर होतं. गाडीचा सगळा भार त्या दोन पायांवर. हँडल नानांच्या हातात होतं. आणि सपाटी तपासायची पाणसळ हातात घेऊन, वाकून, दुसऱ्या हातानं ‘अजून वर’ अशी खूण करणारी मी होते.

पुढचे फोटो पाहिले. जिथे जिथे जागा उतरती होती, तिथे तिथे मीच पाणसळ धरून उभी होते. मशीन सपाट हवं, हा माझाच हट्ट.

मी फोन नानांपुढे धरला. त्यांनी एकदाच पाहिलं.

“माले माहीत शे.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही दोरा बांधा, तवय मी समजी गऊ. मंग काय बोलू?” थोडं थांबून ते म्हणाले, “तो दोरा बकरीनी तोडा. तुमले शंका येवाले नको म्हनीसन मी परत बांधा.”

मी माफी मागितली, चाचांच्या समोरच. नानांनी मान हलवली. ती होकाराची होती की ‘राहू द्या’ची, मला कळलं नाही. आणि खरं सांगायचं तर, तेव्हाही माझ्या मनात क्षणभर येऊन गेलंच, की दोरा खरंच बकरीनं तोडला असेल का? त्यांच्या अंगणात बकरी बांधलेली मी डोळ्यांनी पाहिली होती, तरीसुद्धा.

चाचांनी वाकलेले पाय प्रेसखाली सरळ केले, दांडे नवे कातले, आणि आम्हाला बजावलं, “सखल बाजूच्या चाकाखाली फळ्या घाला, गाडी फळीवर चढवून सपाट करा. पाय फक्त जमिनीला टेकेपर्यंत फिरवा. मग हात काढा.”

आता तसंच करतो. गाडी हलत नाही, नंबर चुकत नाहीत. नाना अजून माझ्याकडेच काम करतात, पण एक गोष्ट बदलली. पाय टेकवून झाले की ते हँडल माझ्या हातात देतात आणि बाजूला होतात.

“बरोबर झालंय ना, नाना?”

“तुम्हीच पाहा.”

मग मला चारही कोपऱ्यांना वाकून पाहावं लागतं. मी पाहत असते, आणि ते मला पाहत असतात.