पाव गिरकी, अर्धी गिरकी आणि सानिकाचा दाखला

"अपूर्णांक नाचून शिकवते म्हणे! शहरातलं खूळ तुझ्या खेड्यात कुठे नेतेस?" असं मी फोनवर बोलून गेले आणि फसले. डीएडला माझ्या बाकावर बसणारी वर्षा आता जालना जिल्ह्यात, जाफराबादजवळच्या एका छोट्या गावात चौथीला शिकवते. ती म्हणाली, "बघायला ये, मग बोल. पण शनिवारीच ये. त्या दिवशी माझ्या बाजूचं एक तरी माणूस मला हवंय." माझ्या वर्गात अपूर्णांक म्हटलं की निम्म्या पोरांना तहान लागते आणि उरलेल्यांच्या पोटात दुखतं. त्यामुळे शुक्रवारी नाशिकहून जालन्याची गाडी धरली, ती थोडी खुन्नस म्हणून आणि थोडी गरज म्हणून.

जालन्यात उतरल्यावर स्टेशनबाहेर मोसंबीचा रस प्यायलाच पाहिजे, आणि बर्फ नको म्हणून आधीच सांगायचं. जाफराबादची एसटी राजूरवरून जाते. वेळापत्रकावर विसंबू नका. बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे अपूर्णांकांची सुरुवात कंडक्टरनेच करून दिली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि शेंगांनी वाकलेली तूर. डिसेंबरात हा रस्ता बघण्यासारखा असतो. तो पाठीला मात्र लागतो.

रात्री जाफराबादच्या घरी वर्षाने येसराची आमटी आणि बाजरीची भाकरी वाढली, आणि जेवता जेवता शनिवारचं कोडं उलगडलं. तिच्या वर्गातल्या सानिकाची आई दाखला काढायला येणार होती. गावातल्या बाया तिला हसत होत्या, पोरीला शाळेत नाचायला धाडतेस का म्हणून. त्यात मागच्या चाचणीत सानिकाने पाव अधिक अर्धा म्हणजे दोन षष्ठांश लिहून ठेवलेलं. "ती गेली तर तिच्या गल्लीतल्या सगळ्या पोरी जातील," वर्षा म्हणाली. "मग मी पुन्हा खडू-फळा." तिचा घास हातातच राहिला होता. मला टोमणा मारायचा होता, तो मी आमटीबरोबर गिळला.

सकाळची शाळा, त्यामुळे लवकर काळीपिवळी पकडली. जीप भरली असं चालकाला कधीच वाटत नाही, तेव्हा खिडकीची जागा आधी धरा.

शाळेच्या अंगणात चुन्याने चार दिशा आखल्या होत्या. वर्षाने डफ घेतला. एक थाप म्हणजे पाव गिरकी, दोन म्हणजे अर्धी, तीन म्हणजे पाऊण. "पाऊण, उजवीकडं!" पूर्वेकडे तोंड केलेली पोरं गर्रकन फिरली आणि बरोब्बर उत्तरेला तोंड करून उभी राहिली. मीही ओढणी खोचून उतरले आणि पहिल्याच पाऊण गिरकीला एका पोरीवर आदळले. अंगणाला उतार आहे, असं मी सांगून पाहिलं. "नाचता येईना अंगण वाकडं!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. आता उतार खरंच होता, पण ऐकतंय कोण!

तेवढ्यात एक बारीकशी, तेल चोपडलेल्या वेण्यांची मुलगी थबकली. "मॅडम, पाऊण उजवीकडं न पाव डावीकडं, तोंड बराबर तिथंच येतंय की!" हीच सानिका. वीस वर्षं गणित शिकवून हे मला कधी सुचलं नव्हतं.

तिची आई कापूस वेचायला जाता जाता आली. डोक्याला रुमाल, चेहरा गंभीर. "मॅडम, हिचं नाचणं म्या पाह्यलं. कागदावर येतंय का, ते दावा."

वर्षाने सगळ्यांना वर्गात नेलं, फळ्यावर पाव अधिक अर्धा लिहिलं आणि सानिकाच्या हातात खडू दिला. सानिका फळ्याकडे बघतच राहिली. मग तिची टाच किंचित फिरली. एकदा. थांबली. पुन्हा दोनदा. आणि तिने लिहिलं, तीन चतुर्थांश.

आईचं लक्ष फळ्याकडे नव्हतंच, ती लेकीच्या पायाकडे बघत होती. "परीक्षेत बी नाचंल का मंग ही?"

"नुसती टाच हलवली तरी भागतं, ताई," वर्षा म्हणाली. आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. "सोमवारी सांगते," म्हणून शेताकडे निघून गेल्या. त्या दिवशी वर्षा घरी नीट जेवली नाही.

रविवारी मी परतले. खर्च म्हणाल तर किरकोळ. मुक्काम मैत्रिणीकडे असल्यावर जातंय काय! सोमवारी माझ्या वर्गातले बाक भिंतीला सरकवले. मुख्याध्यापक दारात येऊन गोंगाट कसला म्हणून विचारून गेले. पोरं घामाघूम झाली, कुणालाही तहान लागली नाही, आणि मला मनापासून लाज वाटली की हे मी फोनवर खूळ म्हणून उडवलं होतं. तरी दिवसभर जीव मोबाइलमध्येच अडकला होता.

संध्याकाळी वर्षाचा फोन आला. हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं. सकाळी नळावर बायांनी सानिकाच्या आईला पुन्हा छेडलं होतं, अजून नाचूनच राह्यली का गं तुही पोर?

आईने घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "हाव, नाचून राह्यली. अन नाचणारच हाय. तुह्या पोरीला पाव न अर्धा किती, इचारून ये आधी."