करंगळी

ऐंशीच्या दशकात लंडनच्या हॅरो स्टेशनाबाहेर एक म्हातारा इंग्रज बूट दुरुस्त करत बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नसे. बूट हातात घेऊन शीळ घालायचा.

त्या दिवशी शाळेच्या कमिटीने माझा इंटरव्ह्यू घेतला होता. मेडिकलच्या अर्जासोबत त्यांचंच शिफारसपत्र जाणार होतं, आणि मी साफ माती खाल्ली होती. शाळेचे बूट त्याच्यापुढे ठेवताना न राहवून बोलले, "मी म्हणे डोळ्यांत बघून बोलत नाही." मोठ्यांसमोर नजर खाली, हे आईने लहानपणापासून घोटून घेतलेलं.

"मग बघतेस कुठे?" त्याने खिळा ठोकत विचारलं.

"हातांकडे. तुमची करंगळी आता सरळ होत नाही. उन्हाळ्यात होत होती."

हातोडी थांबली. त्याने करंगळी ताणून पाहिली, मग पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"कमिटीला असलं काही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही."

"करंगळीचं मी तरी कुठे विचारलं होतं?"

आता माझ्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, पेशंट खुर्चीत टेकायच्या आत मी त्याचे हात बघून घेते. ती करंगळी पुढे किती वाकली, तेवढं मात्र बघायचं राहिलंच.