तांब्याची जागा

तांब्या माझ्याकडे कसा राहिला, हे आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत आहे. मीच सांगितलंय — हसत, रंगवून, चहाबरोबर. त्या हकिगतीत एक वाक्य खोटं आहे. कोणतं, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. मुलीला नाही, शेजारच्या वहिनींना नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. हे कारणही फारसं शूर नाही — असू दे.

तांब्या म्हणजे कुत्रा. रंगावरून पडलेलं नाव. पाहुणे आले आणि मी वहिनींना "तांब्या आणा हो" म्हटलं, की पाण्याआधी हा दारात हजर.

मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. दहिवडीच्या पुढे वाडीच्या टोकाला माझं घर आहे. आमचे हे गेल्यापासून एकटीच असते. इथं पाणी म्हणजे काय, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगून कळायचं नाही. तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, अंघोळीचं — सगळं बादलीत साठवून मी बाग केली होती. शेवंती, मोगरा, चार वांगी, थोडे टोमॅटो. बाग कसली, घराभोवतीचे तुकडे मिळून दोन खाटांएवढी जागा! पण रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

बिरूआप्पा धनगर दर वर्षी दिवाळीनंतर आमच्या रस्त्यानं मेंढरं घेऊन खाली इस्लामपूरकडे, उसाच्या मुलखात जातात आणि उन्हाळा सरताना परततात. त्या वर्षी माझ्या फाटकासमोरच त्यांच्या राखणीच्या कुत्र्याला मोटारसायकलनं उडवलं. मागचा पाय मोडला. कळप किती दिवस थांबणार? आप्पा फाटकात आले, डोक्याचा पटका काढून हातात धरला.

"बाई, माघारी येईस्तवर ठिवून घ्या. लय गुनाचं हाय. माझी मेंढरं त्येच्या जिवावर झोपत्यात."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. कामट्या बांधून पाय धरला, हळद लावली, भाकरी कुस्करून दुधात घातली. तो कण्हायचासुद्धा नाही. नुसता बघायचा — रस्त्याकडे.

पाय बसला आणि तो उकरायला लागला.

पहिला खड्डा शेवंतीत. दुसरा मागच्या दाराशी, वांग्यांच्या मुळाशी. तिसरा — माझ्या मोगऱ्याखाली. मी बुजवायचे, तो उकरायचा. दगड घातले, त्यानं दगड काढले. तिखट टाकलं, दोन दिवस शिंकला आणि पुन्हा तिथंच. बाजूला मोकळी जमीन पडली होती हो! वाटेल तेवढी उकर म्हणावं. पण नाही — तेच तीन खड्डे, वीतभरसुद्धा इकडेतिकडे नाहीत. पस्तीस वर्षं मी वर्गातली द्वाड पोरं सरळ केली होती. एक कुत्रं मला जुमानत नाही? मला वाटलं, हा मला डिवचतोय. वाटायला लाजही वाटली नाही.

वैशाख आला, मोगरा फुलावर आला. एका सकाळी उठून बघते, तर अर्धं झाड कलंडलेलं. मुळं उघडी. मी काय केलं — थांबा, हे नीट सांगायला हवं. इथंच मी दर वेळी भरभर पुढे जाते.

मी कोयता घेऊन बाहेर ओढ्यावर गेले. तिथं बोरी आहेत. फांद्या तोडल्या, अंगणात आणल्या, वीत-वीत तुकडे केले आणि मोगऱ्याखालच्या खड्ड्यात अंथरले. आणि वर दोन बोटं माती पसरली. ती माती का पसरली? काटे उघडे असते तर कुत्रं बघून बाजूला झालं असतं. मला त्यानं बाजूला व्हायला नको होतं. त्याला लागायला हवं होतं. हे मी शांत डोक्यानं केलं, हात धुतले आणि चहा ठेवला.

मग दारात कप घेऊन उभी राहिले. बघायला.

तो आला. नेहमीसारखा एक गोल फेरा मारला, पाय आत टाकला आणि केकाटून बाहेर उडाला. मला बरं वाटलं. सांगतेय तसंच — बरं वाटलं. मग त्यानं पंजा चाटला, ओढ्याच्या बाजूला नाक करून वारा घेतला. आणि परत आत गेला. पायानं माती ओढली, जमतील तेवढे काटे कडेला सारले, जमले नाहीत ते राहिले. त्यांच्यावर बसला. मान वर, कान ताठ, पाठ माझ्या घराकडे.

माझ्या हातातला चहा निवला. माझ्या अंगावर काटा आला. शिक्षा होऊनही जागेवर परत जाणारं मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं — पोर नाही, मोठं माणूस नाही, मी तर नाहीच. हे काय आहे? हट्ट म्हणावा, तर त्यात माझ्याकडे बघणंसुद्धा नव्हतं. आणि एवढं वाटूनही मी ते काटे काढले का? तीन दिवस नाही काढले.

पुढच्या आठवड्यात बिरूआप्पा आले. तांब्या त्यांच्या अंगाखांद्यावर चढला, रडल्यासारखे आवाज काढले. मी तक्रार मांडली — बघा तुमच्या गुणाच्या कुत्र्यानं बागेचं काय केलंय. आप्पा तिन्ही खड्ड्यांपाशी जाऊन उकिडवे बसले. प्रत्येक ठिकाणी मान वळवून बघितलं. आणि हसायला लागले.

"आवं बाई, ह्यो नासधूस करत न्हाई. ह्यो बसाया जागा करतोय. हितनं रस्ता दिसतोय. त्यो मागल्या दाराचा. आन मावळतीचं वारं सुटलं की ओढ्याकडला वास हितं घावतोय, मोगऱ्याखाली. मेंढरांच्या वाड्याभवती असंच बसतंय राखणीचं कुत्रं. मेंढरं न्हाईत, मग तुमास्नीच धरलंय की त्येनं राखायला!"

माझ्या घराभोवती ते तीन खड्डे मी रोज बघत होते आणि त्यांच्या मधोमध मी आहे, हे मला दिसलं नव्हतं. पांगळ्या पायानं, परक्या अंगणात, कुणी न सांगता तो मला राखत होता. देवळात गेल्यावर वाटायला हवं आणि वाटत नाही, ते मला तेव्हा त्या उकरलेल्या मातीसमोर वाटलं.

आणि त्याच वेळी आप्पांनी त्याचा पंजा उचलला. कमरेच्या पिशवीतून चिमटा काढला. एक काटा मोडून आत राहिला होता, पू धरला होता. त्यांनी तो तळहातावर घेऊन उन्हात धरला.

"बोरीचा हाय. हितं बोर कुठाय?"

अंगणात बोर नाही. बोर फक्त बाहेर, ओढ्यावर. म्हणजे एक तर कुत्रा तिथं गेला, नाही तर काटा कुणीतरी इथं आणला. आप्पा माझ्याकडे बघत होते — संशयानं नव्हे, नुसते. मला सगळं कळून चुकलं होतं, तो काय करत होता, ते माहीत झालं होतं. आणि तरी मी म्हणाले, "ओढ्याकडे जात असेल अधूनमधून."

हेच ते वाक्य.

आप्पांचं हसणं थांबलं. "जागा सोडली म्हना की," ते म्हणाले. पंजा अलगद खाली ठेवला. मग म्हणाले, "मेंढरांपाशी न्हाई चालत असलं, बाई. लांडगा टपूनच असतोय. एक डाव जागा सोडनारं कुत्रं परत सोडतंय." त्यांनी काटा मातीत दाबला. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

अजूनही सांगता आलं असतं. किती वेळ होता! त्यांनी चहा घेतला, पंजाला हळद लावली. मी साखर कमी झाली का विचारलं. जाताना त्यांनी तांब्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बस हितं. राख." आणि न बघता गेले. तांब्या अर्धा उठला, थरथरला, बसला.

मी ते खड्डे पुन्हा बुजवले नाहीत. मोगरा मेला, जाऊ दिला.

दिवाळी झाल्यावर मेंढरं परत रस्त्यानं निघाली. धूळ दिसायच्या आधी तांब्याला कळलं. रस्त्याकडच्या खड्ड्यात तो उभा राहिला. फाटक सताड उघडं. त्याचा सगळा कळप दहा पावलांवरून चालला होता, त्याला वासानं ओळखीची एकेक मेंढी, आणि पुढं त्याच्या जागी एक नवं, काळं कुत्रं. तांब्याच्या तोंडून बारीक आवाज येत होता, सगळं अंग हलत होतं. पाय हलले नाहीत. मी हात जोडावेत, असं ते होतं.

बिरूआप्पा फाटकाशी थांबले. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता तरी जागा सोडत न्हाई न्हवं?"

नुसतं "नाही" म्हटलं असतं, "कधीच नाही" म्हटलं असतं, तर ते त्याला तिथल्या तिथं घेऊन गेले असते. ते त्यासाठीच थांबले होते, हे मला दिसत होतं. एक 'आता' लावला, की त्यानं आधी जागा सोडली होती, हे पक्कं होत होतं.

"आता नाही सोडत," मी म्हणाले.