पिवळ्या फिल्मची तीन वर्षं

सांगलीला विश्रामबागेतल्या कॉलेजात दिवसभर शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पीएचडी, असं माझं चाललं होतं. विषय होता उपग्रहांना गुंडाळतात त्या पिवळ्या पॉलिमर फिल्मचा. अवकाशातले इलेक्ट्रॉन तिच्यात साचतात. साचलेला विद्युतभार निघून गेला नाही तर ठिणगी पडते आणि आतली यंत्रं बंद पडू शकतात. इलेक्ट्रॉनांचा मारा झालेल्या फिल्ममधून हा भार लवकर निघतो का, एवढंच मी मोजत होते.

मारा करणारं यंत्र दुसऱ्या शहरात. फिल्मचे तुकडे तिकडे न्यायचे, पाकिटात घालून एसटीने परत आणायचे आणि सवड मिळेल तसे, कधी पंधरवड्यानेही, मोजायचे. तीन वर्षं आकडे मारा न झालेल्या, कोऱ्या फिल्मसारखेच आले. बदल होत नाही, असं मी अर्धा प्रबंध भरून लिहिलंही.

मग एकदा परतीची गाडी चुकली. नुसतं बसून काय करायचं, म्हणून तिथल्याच मीटरवर ताजा तुकडा लावला. भार बघता बघता उतरला. मीटर बिघडलाय असं वाटून कोरी फिल्म लावली, तर आकडे नेहमीचे. तोच तुकडा सांगलीत आणून रोज मोजला. दहाबारा दिवसांत तो कोऱ्यासारखा झाला. माऱ्याने झालेला बदल पुसून हवेतला ऑक्सिजन त्याला सावरत होता.

मार्गदर्शक सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे आधीचं सगळं..."

"हो सर."



रविवारी कवठे महांकाळला गेले. वडील मिलिटरीतून रिटायर झालेले, आता शेळ्या राखतात. त्यांना सगळं सांगितलं.

"हवेनं बरं हुतंय व्हय ते?"

"होय आबा."

"आन वर हवा हाय का?"

"नाही ना. म्हणून तर माझं मोजणं चुकलं."

पाला टाकता टाकता ते थांबले. "लय दमलीस गं. जेव आदी."

नंतरची दोन वर्षं हवा लागू न देता, निर्वात पेटीतच सगळं पुन्हा मोजलं. भार दर वेळी लवकर निघाला. जुनी प्रकरणं काढून टाकली. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं, पहिली तीन वर्षं काय केलंत? चुकीच्या जागी मोजत होते, मी म्हणाले. त्यांनी मान हलवून पुढचा प्रश्न विचारला.

पदवी मिळाली. त्या दिवशी घरी येऊन दुपारभर झोपले.