धुण्याच्या दगडापाशी एक उशिराचा

रेमोंद गाबोरीला गावात अजूनही काही म्हातारे ‘बेडकी’ म्हणतात, आणि तिला त्याचा राग येत नाही. उलट नवा पोस्टमन एकदा चुकून ‘मादाम गाबोरी’ म्हणाला, तर हिने मागे वळून पाहिलं, सासू आली की काय म्हणून. सासू जाऊन तर जमाना झाला.

ती कालव्याच्या काठावरच जन्मली. कालव्यांनी विणलेल्या त्या पाणथळ मुलखात घरापासून गोठ्यापर्यंत जायचं तरी नाव लागते. गाईसुद्धा सपाट नावेत उभ्या राहून चरायला जातात आणि वाटेत शेजाऱ्याच्या गाईकडे मान वर करून बघतात. रेमोंद चालायला आणि नाव ढकलायला एकाच वर्षी शिकली, असं तिची आई सांगायची. आईला वाढवून सांगायची सवय होती, पण लांब काठी चिखलात रोवून नाव सरळ रेषेत नेणारी दुसरी बाई त्या पंचक्रोशीत नव्हती, हे मात्र खरं.

आबेल गाबोरी तेव्हा विशीतला, उन्हाळ्यात पाहुण्यांना नावेतून फिरवणारा. नावाड्यांची तिथे एक जुनी युक्ती होती. संध्याकाळी नाव थांबवायची, काठीने नावेच्या कडेवर दोनदा ठोकायचं आणि घशातून बेडकासारखं ओरडायचं. मग कुठूनतरी एक बेडूक उत्तर द्यायचा, त्याच्यामागून दुसरा, आणि बघता बघता सगळा कालवा दणाणून जायचा. पाहुणे खूश, आबेलची टोपी नाण्यांनी जड. एका उन्हाळ्यात त्याच्या लक्षात आलं की सगळे गप्प झाले की धुण्याच्या दगडापाशी एक बेडूक मागाहून ओरडतो. एकटाच, आणि जरा टेचात. आबेल त्याला शोधत राहिला. शेवटी दगडामागे बादली घेऊन बसलेली रेमोंद सापडली, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली. पुढच्या वसंतात लग्न झालं. लग्नाच्या जेवणात कोणीतरी नवरीच्या ताटलीत हिरव्या साखरेचा बेडूक ठेवला होता.

इथवर सगळं ठीक होतं. मग परदेशातून आलेले लाल झिंगे पाण्यात सुटले आणि त्यांनी बेडकांची पिल्लं फस्त केली. वरच्या सपाटीवरच्या मक्यावर मारलेलं औषधही पावसाबरोबर खाली यायचं. कोण किती दोषी यावर गावात अजून भांडणं होतात. बेडूक मात्र भांडण संपायची वाट न बघता गेले. त्याच सुमारास आबेलची नजर गेली. डोळ्यांपुढे आधी धुकं, मग काहीच नाही. काठी रेमोंदने हातात घेतली, पाहुण्यांना तीच फिरवू लागली. आबेल काही दिवस पुढे बसून आला. नंतर तेही बंद झालं.

“बसून ऐकू काय? तुझे कुरकुरणारे गुडघे?” असं म्हणून तो चुलीजवळच्या खुर्चीत रेडिओ घेऊन बसला, तो बसलाच.

रेमोंदला एवढंच हवं होतं की त्याने एकदा पुन्हा नावेत बसावं. तिने गोडीने सांगितलं, रागाने सांगितलं, एकदा आठवडाभर लसूण-लोण्याचा पाव करायचा बंद केला. आबेल नुसता पाव खात राहिला.

अशात सिनेमावाले आले. दिग्दर्शक पॅरिसचा, गळ्यात मफलर, भर जूनमध्ये. त्याला म्हणे माणसाने न बिघडवलेल्या निसर्गावर सिनेमा करायचा होता. तिथला एकेक कालवा माणसांनी कुदळीने खणलेला, एकेक झाड माणसांनी लावलेलं, हे त्याला कोणी सांगितलं नाही, कारण त्याने विचारलं नाही. रेमोंदची नाव त्याने भाड्याने घेतली आणि पहिल्याच दिवशी तिला चित्राबाहेर वाकून बसायला सांगितलं.

“मी वाकले तर नाव कोण चालवणार, माझा आजोबा?” रेमोंद म्हणाली.

मग एक दिवस त्याला पाणथळाचा शुद्ध आवाज हवा झाला. गावाला विनंती गेली की दुपारभर कोणी काही वाजवू नये. शेजारच्या फेर्नांने करवत बंद ठेवली, कुत्र्याला मांस देऊन गप्प केलं आणि स्वतः अंगणात हाताची घडी घालून बसला. सगळं गाव श्वास रोखून बसलं. आवाज टिपणारी मुलगी, मायेल तिचं नाव, कानांवर ते मोठे डबे लावून नावेत बसली होती. तिने बराच वेळ ऐकलं, आणि मग हळूच रेमोंदला विचारलं, “इथे बेडूक नाहीत?”

“नाहीत.”

“एकही नाही?”

“तुझ्या यंत्राला ऐकू आला तर मलाही सांग, बाळा.”

दिग्दर्शक म्हणाला, त्यात काय, दुसरीकडचे घालू. मायेलला ते पटलं नाही, पण नोकरी होती. दोन दिवसांनी ती रेमोंदच्या स्वयंपाकघरात आली. आबेल तेव्हा दाढी करून घ्यायला गेला होता, त्याचा पुतण्या त्याला घेऊन गेलेला.

“मादाम, घालायचेच आहेत तर तुमच्या इथल्यासारखे घालते. कसे ओरडायचे ते सांगाल?”

रेमोंदने आधी नको म्हटलं. मग घेवड्याच्या शेंगा सोलता सोलता सांगू लागली. पहिला फेर्नांच्या पाण्याकडच्या दाराखालचा, पडसं झाल्यासारखा. मग डाव्या काठचे सगळे एकदम, भांडल्यासारखे. उजवीकडचे थोडे, तेही नंतर. मग काही कारण नसताना सगळे गप्प.

“आणि सगळे गप्प झाले ना, की धुण्याच्या दगडापाशी एक. उशिराने.”

मायेलने यंत्रात दुसरीकडचे आवाज तसेच जुळवून तिच्या कानांवर डबे ठेवले. रेमोंदच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. तिला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की आबेलही हे ऐकेल, हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

सिनेमा तयार झाला तेव्हा दुसरा वसंत आला होता. गावाच्या सभागृहात पडदा लावला, बाजूला गुलाबी वाइन आणि चीज. रेमोंदने आबेलला बळेच कोट घातला.

“आंधळ्याला सिनेमाला नेतेस. उद्या फेर्नांच्या कुत्र्याला चर्चमध्ये ने.”

“तुझ्यापेक्षा तो शांत बसेल. चल.”

पडद्यावर पाणी आलं, झाडं आली, धुकं आलं. माणूस एकही नाही. मागून कोणीतरी म्हणालं, “अरे, गाव सोडून गेलो की काय आपण?” हशा झाला. आणि मग फेर्नांच्या दाराखालून तो पडशाचा आवाज आला.

हशा थांबला. डावा काठ सुरू झाला, मग उजवा. सभागृहात खुर्ची हलली नाही. फेर्नांची बायको नाक शिंकरू लागली. आबेलने रेमोंदचं मनगट घट्ट पकडलं.

“आले! रेमोंद, आले परत! मला सांगितलं का नाहीस?”

रेमोंदने नुसता त्याच्या हातावर हात ठेवला. मग सगळे बेडूक गप्प झाले, दगडापाशी एक उशिराने ओरडला, आणि आबेलची पकड सैल झाली. बाहेर पडताना तो एवढंच म्हणाला, “उद्या मला पाण्यावर ने.”

जे इतकी वर्षं मागितलं ते असं हातात पडलं. रेमोंदला स्वतःची लाज वाटली. सकाळी तिने वारा आहे म्हणून पाहिलं, गुडघा दुखतो म्हणून पाहिलं. आबेल दुपारपासूनच रबरी बूट घालून दारात बसला होता. त्याला खरं सांगायला ती दोनदा बाहेर आली आणि दोनदा कॉफी देऊन आत गेली. तो आनंद तिच्याने मोडवेना.

संध्याकाळी निघाले. तिने हात दिला, आबेल नावेत उतरला, आणि त्याच्या वजनाने पुढची बाजू पूर्वीसारखी खाली गेली. एवढ्यानेच तिला रडू आलं. फेर्नांचं दार मागे पडलं. डावा काठ गेला. धुण्याच्या दगडापाशी तिने काठी रोवून नाव थांबवली. पाणी होतं, झाडं होती, आवाज कसलाच नव्हता.

“आबेल, त्या सिनेमातले बेडूक…”

“ऐकू दे जरा.”

तो मान कलती करून ऐकत राहिला. मग म्हणाला, “तो शेवटचा, या दगडापाशीचा. तो त्यांना कोणी सांगितला?”

“मी.”

“वाटलंच.”

“कधी वाटलं?”

“तिथेच. आधी खरंच फसलो गं. पोरासारखा फसलो. मग तो शेवटचा ओरडला.” आबेल हसला. “अगं, तो बेडूक नव्हताच कधी. ती तू होतीस.”

रेमोंद मटकन फळीवर बसली. बादली, दगड, विशीतला आबेल, सगळं तिने त्या मुलीला सांगून टाकलं होतं आणि तिचं तिलाच कळलं नव्हतं.

“मग आलास कशाला? काही नाही इथे.”

“तू बोलावत होतीस ना.”

त्याने चाचपत काठी मागितली, नावेच्या कडेवर दोनदा ठोकली आणि घशातून ओरडला. आवाज चिरका झाला होता, तरी कालव्याच्या वळणापर्यंत पोचला. फेर्नांच्या दाराखालून कोणी बोललं नाही. डावा काठ गप्प राहिला. उजवाही. दोघांनी वाट पाहिली, पूर्वी पाहायचे तितकी.

मग धुण्याच्या दगडापाशी, जरा उशिराने, रेमोंद ओरडली.