ठेच्यावरचा हात

काल इथे कॅनडात तव्यावर मिरच्या भाजत होते. वास शेजाऱ्यांकडे जाईल म्हणून घाईने झाकण ठेवलं आणि बाबांचा हात आठवला.

परदेशातून पहिल्यांदाच दिवाळीला आईबाबांकडे सोनाळ्याला गेले होते. पहिल्याच घासाला ठसका लागला. "आई, एवढं तिखट आता सोसत नाही गं," मी म्हणाले. मग सुट्टीभर घरात फिक्कं वरण आणि फिक्की भाजी. मला वाटलं, वयामुळे दोघांनीही तिखट सोडलं असेल.

निघाले त्या दिवशी ऑटो कोपऱ्यावर पोचला आणि चार्जर घरीच राहिल्याचं लक्षात आलं. धावत परत आले. बाबा घाम पुसत, मन लावून ठेचा-भाकर खात होते. मला पाहताच त्यांनी ठेच्यावर हात धरला.

"काऊन परत आली? काही राह्यलं का?"

आई ओशाळून म्हणाली, "तुले ठसका लागते नं माय, म्हून तू गेल्यावरच केला."

मी खूप हसले. इथल्या मैत्रिणींनाही हा किस्सा कितीदा रंगवून सांगितला.

बाबा मात्र तेव्हा हसले नव्हते. मी चार्जर घेऊन बाहेर पडेपर्यंत त्यांनी ताटावरचा हात काढला नव्हता.